कॉलरच्या कोपऱ्यावरचं गाणं

शिंप्याने आयुष्यभर शर्ट शिवले आणि गाणं एकच लिहिलं, तेही मशीन चालवता चालवता. शर्टांना कोणी विचारलं नाही. गाणं मात्र लोकांनी डोक्यावर घेतलं. 'जाऊ नको एवढ्यात… उजेड आहे अजून.' मधल्या त्या थांबण्यावर तर सगळे फिदा. तिथे म्हणे कवीचा श्वास अडकतो.

गाणं गाजलं तेव्हा एका मुलाखतीत त्याला प्रेरणा विचारली. कवी म्हटला की विरह हवाच, म्हणून त्याने पुलावरून कायमची निघून गेलेली एक प्रेयसी ठोकून दिली. गळ्यात टेप, कानावर खडू, पोट मशीनला टेकलेलं, आणि हा विरही! आरशात बघून त्याचं त्यालाच हसू आलं. बायको मात्र हसली नाही. दारातल्या उजेडात काजं करताना ती जगातली सगळी गाणी गुणगुणायची, नवऱ्याचं सोडून. गाण्याला मिळालेली ढाल शिंप्याने कापडावर वजन म्हणून ठेवली होती. ते गाणं एकदा हिच्या तोंडून ऐकायला मात्र तो झुरत होता.

परवा रेडिओवाली दुकानात आली आणि तिने माईक पुढे केला. "काका, ती कोण होती?"

पूल, प्रेयसी, सगळं जिभेवर तयार होतं. तेवढ्यात दारातली सुई थांबली. शिंप्याचा धीर सुटला.

"कसली ती? मला कोण विचारतंय! हिनेसुद्धा वडिलांनी सांगितलं म्हणून लग्न केलं. मशीनच्या ठेक्यावर ओळी जुळवत होतो. कॉलरचा कोपरा आला की कापड वळवायला थांबावं लागतं. तिथे गाणंही थांबलं. झाली प्रेरणा!"

रेडिओवालीचा चेहरा पडला. "फक्त कॉलर?"

"काहीतरीच," बायको म्हणाली. "कोपरा चुटकीसरशी वळतो. यांचा दोरा तुटायचा. चष्मा लावायची लाज, म्हणून ओवायला मला हाक. मी इथून उठून मशीनपाशी जाईपर्यंत हे गप्प. उठून यायचे मी, आणि गाणं त्या पुलावरच्या बाईचं!"

शिंप्याचा हात नाकावरच्या चष्म्याकडे गेला. पुढे चष्मा आला आणि तो हे साफ विसरला होता. घरात माणसं दोनच. त्यातल्या एकाला गाण्याची गोष्ट ठाऊक होती, आणि तो कवी नव्हता.

रेडिओवाली गेली. शिंपी मान खाली घालून कामाला लागला. थोड्या वेळाने दारातून गुणगुण आली, 'जाऊ नको एवढ्यात…'

दोरा शाबूत होता. तरी त्याने मशीन थांबवलं, आणि चष्मा काढून ठेवला. हातातलं काज तसंच टाकून बायको उठली.