वाघापुढची मेंढी

"ओरड गं मेंढीसारखं. त्याबिगर न्हाई उठायचा तो."

देशमुखानं काठी आधी पिंजऱ्याकडं केली, मग माझ्याकडं.

निजामाचं राज्य होतं. हैद्राबादेतली सरकारी बाग, सगळ्यांना फुकट. हिरवळीवर बायकालेकरं डबे उघडून बसलेली, पलीकडं जनावरांच्या पिंजऱ्यांची रांग. समोर वाघ झोपलेला. केवढा वाघ! डोकं हैद्राबादेत अन् शेपूट परभणीत. निम्मं सोडून द्या, तरी बैलाएवढा होताच. देशमुखाच्या बाळाला तो उभा राहिलेला बघायचा होता. त्याला सांभाळायलाच मला सोबत आणलेलं, म्हणून बाळ माझ्या कडेवर. हिंगोलीला गाडीत बसलो तेव्हापासून कडेवरच. तेव्हा वाकडं झालेलं कंबरडं माझं अजून सरळ न्हाई.

मी धनगराची सून. सुगी झाली की आमची मेंढरं देशमुखाच्या रानात बसायची. रातभर बसली की लेंड्या-मुतानं जमीन पोसायची. बदल्यात आम्हाला ज्वारी, अन् त्याच्या पडीक रानात चराई. म्हणून निघताना सासऱ्यानं बजावलं होतं, "सूनबाई, मालक म्हनतील त्याला व्हय म्हन. चराई गेली तर मेंढरं काय दगड खातील?"

म्हणून ओरडले.

माझा आवाज काही साधा नव्हता. आमच्या कुरुंद्यात हाक दिली तर पार लांबच्या वारंग्याची मेंढरं चरायची थांबायची. चुकलेलं कोकरू आईला बोलावतं तसा आवाज काढला. वाघ ताडकन उठला. शेजारचं अस्वल उठलं. झाडाखालचा पहारेकरीबी उठून पगडी शोधायला लागला. गर्दी जमली, हसली. खोटं कशाला सांगू, मला जरा बरंच वाटलं.

मग कुणीतरी मूठभर फुटाणे फेकले. वाघाला न्हाई. मला.

"और एक बार!"

देशमुख खुशीत आला. "आता खाली रांग. तोंडानं उचल ते फुटाणे. बाळ बघ कसा हसून राहिला."

बाळ हसतच होता. गाडीत मला मावशी म्हणत होता. आता माझ्याच कडेवर बसून, माझ्या पदरात अडकलेला फुटाणा माझ्या ओठाला लावत होता. "खा, मेंढी, खा."

मी वाघाकडं बघितलं. तो परत आडवा झालेला. एकदा फसला होता. आता सगळी बाग ओरडली असती तरी शेपूट हलवायला तयार नव्हता.

मी लेकरू खाली ठेवलं. हळूच. पडलं असतं तर मालक तेवढंच धरून बसले असते.

"काहून ठेवलं खाली? उचल त्याला."

"तुमचं हाय. तुमी उचला."

"माजलीस व्हय? चराई बंद करीन. सासरा पाया पडत येईल तुझा."

"करा बंद. मेंढराला चार पाय हायत, मालक. ती दुसरीकडं जातील. तुमचं रान कुटं जाणार?"

बागेतली कारंजी थांबली. बरं, कारंजी न्हाई थांबली. हसणं थांबलं. मी पदर झटकला, त्यातले उरलेले फुटाणे भुईवर पडले, आणि मी चालायला लागले.

घरी कशी पोचले ते विचारू नका. सासरा आठ दिवस माझ्याशी बोलला न्हाई.

सुगीनंतर देशमुखाचा गडी दारात. "मालक म्हनतात, झालं गेलं सोडा. मेंढरं बसवा."

सासरा पटका बांधायला उठला. मी उंबऱ्यात उभी राहिले.

"न्हाई म्हनून सांग."

"सूनबाई," सासरा म्हणाला, "खायाचं काय?"

"अर्धी भाकर खाऊ. मेंढरं सेनगावाकडं नेऊ. तिथं लहान कुणबी ज्वारी कमी देतील, पण 'बसा' म्हनतील."

गडी अजून उभाच. त्याला वाटलं, बाई आहे, रडेल, वळेल. मी त्याला पाणी दिलं, मग सांगितलं ते असं :

"ज्यानं मला भुईवर रांगायला लावायचं बघितलं, त्याची भुई आमची मेंढरं पोसणार न्हाईत. यंदा न्हाई. मी जिती हाय तवर न्हाई. जा, बराबर असंच सांग."