मावशीच्या टाचण्यांची उशी

माझ्या मावशीला गल्लीत सगळे चिक्कू म्हणतात, आणि ती ते नाव पदकासारखं मिरवते. शर्टांच्या कारखान्यात उरलेले तुकडे ती गाठोडं भरून आणते आणि त्यांचे कोट शिवते. रीत तिच्या आईची, आईला तिच्या आईने शिकवलेली: कात्री गोल फिरवायचीच नाही. सगळे काप सरळ. बाही तिरपी कापली की उरलेला त्रिकोण बरोबर काखेत बसतो.

परवा फॅशन कॉलेजच्या बाई मावशीच्या दुकानात आल्या. त्यांनी एक कोट उलटा करून शिवण न् शिवण तपासली आणि म्हणाल्या, "सुंदर आहे. पण कचरा कुठे टाकता? थोडा तरी निघतच असेल ना!"

मी तोंड सोडणारच होते, पण मावशीने मला नजरेनेच गप्प केलं. मशीनवरची नारळाएवढी टाचण्यांची उशी उचलून तिने बाईंच्या हातात दिली.

"हिच्यात भरलाय सगळा."

"म्हणजे आजचा?"

"दुकान उघडल्यापासूनचा. बारा वर्षं झाली," मावशी म्हणाली. "दाबून बघा, अजून जागा आहे."