आधी तू घे

हिरामणचा उन्हावर तेवढा विश्वास होता, माणसांवर नाही. पेणच्या खाडीकाठी चाळीस वर्षं मिठागरात राबलेला हा गडी बाजारात कलिंगड घ्यायचा, पण विकणाऱ्यानं आधी स्वतः फोड खाल्ल्याशिवाय नाही. देवी टोचणारा सरकारी माणूस गावात आला, तेव्हा त्याचीच बाही वर करायला लावून दंडावरचा वण पाहिला आणि मगच आपला हात पुढं केला. "आधी तू," हा त्याचा कायदा. गाव हसायचं, पण त्याला फसवणं कुणाला जमलं नव्हतं, हेही खरं.

साठीनंतर त्याचे पाय सुजले. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा, बांध चढताना धाप लागायची. सून सरूनं त्याला रामवाडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी छाती तपासली. "काळीज थकलंय. रक्त नीट ढकलता येत नाही, म्हणून अंगात पाणी साठतंय," म्हणाल्या आणि रोज सकाळी घ्यायच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. बाईंच्या धाकानं पहिली गोळी घेतली त्या दिवशी हिरामणला दुपारपर्यंत सहा वेळा बांधाआड जावं लागलं. तिथंच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

त्याचा विचार सरळ होता. वाफ्यातलं पाणी उडालं की खाली काय उरतं? मीठ. मग माणसाच्या अंगातलं पाणी काढलं की आत मीठच साचणार आणि तो सुक्या बोंबलासारखा वाळणार! त्यात मुलगा रघू रोह्याच्या कंपनीत शिफ्टला, रविवारचा घरी येणारा. त्याला बायकोला घेऊन तिकडे बिऱ्हाड करायचं होतं, आणि म्हातारा मिठागर सोडायला तयार नव्हता. म्हातारा आटोपला की सरूची वाट मोकळी. हे एकदा डोक्यात बसल्यावर त्याला तिच्या हातचं पेजपाणीही कडू लागायला लागलं.

दुसऱ्या सकाळी सरूनं गोळी पुढं केली.

"आधी तू घे," हिरामण म्हणाला.

"बाबा, माझे पाय कुठं सुजल्यात?"

"का? भ्याव वाटतंय काय गो?"

सरूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं एक गोळी तोंडात टाकली. हिरामणनं तिला जीभ बाहेर काढून दाखवायला लावली. मग आपली गोळी गालात धरली, आणि ती वळताच थुंकून टाकली. हिचं काय होतं ते आधी बघू, हा बेत. इतका बेरकी म्हातारा!

असं आठ दिवस चाललं. वैशाखाचं ऊन, सरू दिवसभर वाफ्यातलं मीठ ओढायची. तिचे ओठ सुकले, पोटऱ्यांत गोळे यायला लागले. हिरामण लांबून बघत होता. विषच आहे, त्याची खात्री पटली. पण विष असतं तर ही रोज खाईल कशाला? हा प्रश्न त्याला पडला, आणि त्यानं तो झटकून टाकला. त्याची मला अजून चीड येते.

नवव्या दिवशी सरू पाटीसकट बांधावर कोसळली.

बाईंनी तिला सलाईन लावली, सगळं विचारून घेतलं आणि हिरामणवर कडाडल्या. "ही गोळी मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकायला लावते. मीठ निघालं की पाणी त्याच्या मागून जातं. तुझ्या अंगात दोन्ही साठलंय, म्हणून तुला ते औषध. हिच्या अंगात जास्तीचं काय होतं? होतं ते घामानं चाललेलं, उरलेलं तू काढलंस."

"मीठ आत ऱ्हात नाय?"

"राहिलं असतं तर ही पडली असती का?"

हिरामण खाली बसला. मिठाचं आपल्याला सगळं कळतं, असं त्याला चाळीस वर्षं वाटत होतं.

"तू घेतलीस तरी कशाला गो?" त्यानं सरूला विचारलं.

"मी नाय घेतली असती तर तुम्ही घेतली असती व्हय?" ती क्षीण आवाजात म्हणाली. "तुमची सूज उतरायला पायजे होती."

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर, बाईंनी सांगितल्याप्रमाणे हिरामणनं स्वतः साखर-मिठाचं पाणी केलं आणि वाटी सरूसमोर धरली. तिनं काही न विचारता हात पुढं केला. त्याला ते सोसेना.

"थांब. आठ दिवस मी थुकत होतो गो," तो म्हणाला. त्यानं कनवटीला खोचलेली आजची गोळी काढली, तिच्यादेखत गिळली आणि तोंड उघडून तिला जीभ दाखवली.

"आता पी."