खिडकीकडच्या नद्या

आमच्या शेजारची सून सरकारी नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास स्वयंपाकघरात करायची. भाकरी थापताना वाचता यावं म्हणून तिनं नोट्सचे कागद भिंतीला डकवले होते. गॅसच्या वर फोडणीनं पिवळं पडलेलं पंचायत राज, फडताळापाशी समित्या, खिडकीकडं नद्या. काही विचारलं की ती आधी त्या कागदाच्या बाजूला मान वळवायची, मग उत्तर द्यायची. आमच्या घरी बसलेली असली तरी मान तशीच वळायची, जणू भिंत सोबत घेऊन आली होती. "परीक्षेत अशी बघशील तर कॉपी समजतील," मी चिडवायचे.

आमच्या येडशीत दसरा काढायचा म्हणजे सगळं घर धुऊन भिंती रंगवायच्या. दर वर्षी तिची सासू त्या कागदांच्या कडेकडेनं कुंचला फिरवायची. यंदा सुनेनंच ते भिजवून खरवडून काढले.

"ऱ्हाऊ दे की गं, कशाला काढतीस?" सासू म्हणाली.

"परीक्षेचं वय संपलं, आत्या. आता ठेवून काय करायचं?"

सगळी भिंत एकसारखी निळी झाली. मला काही ती बघवेना.

परवा मी पेपरातलं शब्दकोडं घेऊन तिच्या उंबऱ्यात बसले. "तापीची उपनदी, दोन अक्षरी. सांग बरं."

"न्हाय आठवत, काकू," पीठ मळता मळता ती म्हणाली.

पण ते म्हणायच्या आधीच तिची मान खिडकीकडं वळून गेली होती.