बक्षीस आधी, नाटक मागून

समस्त रसिकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, उत्तम अभिनयाचं बक्षीस अभिनय होण्याआधीच देणारा या पृथ्वीतलावरचा एकमेव माणूस कमलनगरजवळच्या आमच्या गावात होऊन गेला. टाळ्या नंतर वाजवाव्यात.

त्याला आम्ही बक्षीसअण्णा म्हणायचो. धंदा लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा. लग्न असो की जयंती, अण्णा आधी "हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणणार आणि मग टेस्टिंगच्या नावाखाली अख्ख्या गावाला स्वतःच्या पोटदुखीची हकिकत ऐकवणार. मुंबईत सिनेमावाल्यांना बक्षिसाच्या बाहुल्या वाटतात, हे त्यानं रेडिओवर ऐकलं आणि जत्रेच्या नाटकालाही बक्षीस द्यायचं ठरवलं. बाहुली कुठून आणणार? जुन्या ग्रामोफोनचा पितळी कर्णा त्यानं चिंचेनं घासला आणि पाटावर ठोकून बसवला.

हा कर्णा पडदा उघडण्याआधी दिला जाई.

"आधी कामून, अण्णा?" मी एकदा विचारलं.

"मागून दिलं तर माणूस बक्षिसासाठी नाचतंय. आधी दिलं की बक्षिसाला जागतंय. मुंबईवाल्यांना हे कळंना, त्याला मी काय करू?"

उत्तम नायिकेचा कर्णा वर्षानुवर्षं रामाप्पा पैलवानाला मिळे. जत्रा आली की तो मिशी उतरवायचा. नायक मी. विरहानंतर नायिका धावत येऊन मला बिलगायची तेव्हा प्रेक्षक रडायचे. मीही रडायचो, पण माझं कारण बरगड्यांचं होतं. अण्णा माइकवरून ओरडायचा, "बघा, अस्सल आसू!"

मग कमलनगरला व्हिडिओ आला. पोरं म्हणाली, नाटक पुरे, यंदा जत्रेला व्हिडिओ लावू. त्यातच रामाप्पानं जाहीर केलं, "गुडघे गेले. आता मी मिशी ठेवणार." पंचांनी अण्णाला स्पष्ट सांगितलं, बाई मिळाली तर नाटक, न्हाईतर व्हिडिओ. एकदा बंद पडलेलं नाटक पुन्हा उभं राहत नाही, हे शेजारच्या गावात आम्ही पाहिलं होतं.

अण्णा तडक भीमनगरात शेवंताकडे गेला. रामाप्पाचे झंपर दरसाल उसवून वाढवणारी ती. तालमीला शिवण घेऊन बसायची, त्यामुळं नायिकेची सगळी भाषणं तिला पाठ. रामाप्पा अडला की दाताखाली दोरा धरून तीच पुढचं वाक्य सांगायची.

"मी? गावातली बाई आजवर स्टेजावर चढली न्हाई, अण्णा. लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे की. माइक माझ्याकडं हाय. त्यांच्याकडं काय हाय?"

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला अण्णानं कर्णा शेवंताच्या हाती दिला. शाल घातली ती रामाप्पानं, नव्या मिशीला पीळ देत.

अण्णाला जाऊन आता काही वर्षं झाली. घरोघरी टीव्ही आलाय. बक्षीस घेताना नटांचे आवाज कापताना ऐकले की वाटतं, यांना ते आधीच द्यायला हवं होतं. आमचं नाटक मात्र अजून होतं. बायकांची कामं बायकाच करतात, त्यांना शेवंता शिकवते आणि पडदा उघडण्याआधी तोच कर्णा देते. माझ्या बरगड्याही सुखरूप आहेत.

पण हे सगळं त्या जत्रेच्या संध्याकाळी बुडता बुडता वाचलं. पडदा उघडला. मी माझं वाक्य म्हटलं. शेवंता गप्प. मी पुन्हा म्हटलं. ती तशीच, नजर समोरच्या गर्दीवर खिळलेली. मागून पोरांच्या शिट्ट्या सुरू झाल्या, "व्हिडिओ लावा, व्हिडिओ!" विंगेतून तिला वाक्य सांगायला रामाप्पा नुसतंच तोंड हलवत होता, त्याला तरी ते कुठं पाठ होतं! अण्णा नुसतंच "हॅलो, हॅलो" करत राहिला.

शेवंतानं स्टेजच्या कडेला ठेवलेल्या कर्ण्याकडे एकदा पाहिलं. पदर खोचला, मला कोपरानं बाजूला सारलं आणि माइकपुढं येऊन ओरडली,

"शिट्ट्या कामून मारायलात रे? बक्षीस मला कवाच मिळालंय! आता गुमान नाटक बघा!"