करिया सकाळीच का चावायचा

मनोहररावांच्या मनगटाला बँडेज होतं, करिया सोफ्यामागे भिंतीला चिकटून बसला होता, आणि निखिल आणि केतकी मला एकाच वेळी त्याची कहाणी सांगत होते. मी दोघांनाही थांबवलं.

"कहाणी नंतर. आधी काय झालं तेवढंच सांगा. का झालं ते नको."

हे वाक्य मला बहुतेक प्रत्येक घरात म्हणावं लागतं. मी कुत्र्यांची बिहेवियरिस्ट आहे. कुत्रं चावायला लागलं, रात्रंदिवस भुंकायला लागलं, सोफा फाडायला लागलं की लोक मला बोलावतात आणि ते असं का वागतंय हे मी शोधते. आम्ही मूळचे निपाणीचे, पण माझा जन्म बंगळुरूचा, मल्लेश्वरममधला. कन्नडमध्ये कुत्र्याला नायी म्हणतात, त्यामुळे आई माझी ओळख 'आमची नायी-डॉक्टर' अशी करून देते. मी डॉक्टर नाही, पण ते आईला कोण सांगणार?

करिया मी काम करते त्या बेवारशी कुत्र्यांच्या शेल्टरमधूनच या घरी आला होता. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथच्या वर्कशॉपबाहेर तो सापडला तेव्हा मानेला साखळीची खोल जखम होती. काळाकुळकुळीत, म्हणून तिथल्या कामगारांनी ठेवलेलं नाव करिया. जखम भरली, तो शेल्टरमध्ये रमला, कुणावर कधी गुरगुरला नाही. मग आमच्या एका व्हॉलंटियरने इन्स्टाग्रामवर त्याची पोस्ट टाकली. पोस्टला कहाणी लागते, नाहीतर काळं देशी कुत्रं घ्यायला कुणी येत नाही. तिने लिहिलं की एक मिशीवाला माणूस याला साखळीने बांधून मारायचा, तरीही याचा माणसांवरचा विश्वास उडालेला नाही. साखळीची खूण खरी होती. मिशीवाला कुठून आला देव जाणे.

ती पोस्ट वाचून केतकीला रडू आलं आणि करिया के. आर. पुरमच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आला. दोघं नवरा-बायको नागपूरचे, आयटीत नोकरीला. सुरुवातीचे दिवस छान गेले. मग निखिलचे वडील, मनोहरराव, कायमचे राहायला आले. बायको गेल्यावर नागपूरच्या घरात ते एकटेच उरले होते. मनोहरराव रिटायर्ड पोस्टमन. आणि त्यांना झुबकेदार मिशी, केतकी म्हणाली.

"होती," मनोहरराव म्हणाले.

मी नीट बघितलं. ओठावरची कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा उजळ होती. करिया पहिल्यांदा चावला तेव्हा केतकीने त्यांना ती जुनी पोस्ट वाचून दाखवली होती. त्याच संध्याकाळी ते कुणाला न सांगता खाली सलूनमध्ये गेले आणि लग्नाच्या फोटोपासूनची मिशी उतरवून आले. कुत्र्याला त्या माणसाची आठवण येत असेल, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यानंतर काही दिवसांतच करिया त्यांना दुसऱ्यांदा चावला.

मला हसू येत होतं आणि गलबलूनही येत होतं. एवढ्या वर्षांत कुत्र्यासाठी नोकरी बदललेले, घर बदललेले, साखरपुडा मोडलेले लोक बघितले. मिशी काढलेला माणूस पहिलाच.

"आख्ख्या नोकरीत एका कुत्र्यानं मले दात लावला नाही," ते म्हणाले. "किती गल्ल्या फिरलो असन मी. अन् आता घरचाच चावते. मी काय केलं जी त्याले?"

निखिलने ठरवून टाकलं होतं. शनिवारी करियाला शेल्टरमध्ये परत सोडायचं. त्यात त्याची चूक मी म्हणणार नाही, बापाच्या हातातून रक्त येताना कोण बघत बसेल? पण परत येणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्याकडे दोनदा चावलेल्या कुत्र्याच्या गळ्यात लाल पट्टा बांधतात. लाल पट्टेवाला कुत्रा पुन्हा कुणाला दत्तक दिला जात नाही. मागच्या केनेलमध्ये त्याला खायला-प्यायला मिळतं, औषधपाणी होतं, आणि तिथेच तो म्हातारा होतो. मी हे सांगितलं तेव्हा मनोहरराव म्हणाले, "त्याले नका पाठवू. मीच जातो नागपूरले." निखिल उठून बाल्कनीत गेला. म्हणजे आता प्रश्न एकट्या करियाचा नव्हता.

मी प्रश्न विचारायला लागले. दोन्ही वेळा चावला तो सकाळी. दोन्ही वेळा युटिलिटीत. बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून धुण्याभांड्याची छोटी मोरीवजा जागा असते, तिला इथे सगळे युटिलिटीच म्हणतात. करियाला सकाळचं खाणं तिथे मनोहरराव द्यायचे. संध्याकाळचं खाणं केतकी हॉलमध्ये द्यायची, तेव्हा काहीच व्हायचं नाही.

आमच्या धंद्यात 'ट्रिगर' असा शब्द आहे. ज्या गोष्टीने कुत्रं बिथरतं ती गोष्ट. ट्रिगर सापडला की अर्धं काम झालं. घरातल्या सगळ्यांच्या मते तो सापडलेलाच होता: मिशी, नसेल तर म्हातारा पुरुष. मी करियाला घेऊन खाली गेले. गेटवरच्या सिक्युरिटी गार्डची मिशी मनोहररावांच्या मिशीला लाजवेल अशी, आणि वय जवळपास तेवढंच. करिया त्याच्या पायाला अंग घासत उभा राहिला आणि कान खाजवून घेतले. गार्ड म्हणाला, रोजचंच आहे हे.

मिशीचा निकाल लागला. दुसरा अंदाज माझा स्वतःचा होता, रिसोर्स गार्डिंग. म्हणजे खाण्यावर हक्क सांगणं, खाताना कुणी जवळ आलं की चावणं. उपाशी राहिलेल्या कुत्र्यांमध्ये हे फार दिसतं. वर येऊन मी हॉलमध्ये करियाला उकडलेलं चिकन वाढलं, लांब दांड्याच्या झाऱ्याने ताटली मधेच ओढून घेतली. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. गुरगुरणं दूरच. मग मनोहररावांनी लांबून एक तुकडा टाकला. करिया घाबरत आला, पण आला आणि खाल्ला. म्हणजे माणूसही नाही आणि अन्नही नाही.

आता मात्र मला चैन पडेना. उद्या सकाळी परत येते, म्हटलं. रोज जे जसं करता ते तसंच करायचं, फक्त करियाच्या तोंडाला जाळी असेल.

सकाळी गेले. चपला दारात काढल्या, आपल्याकडे कुणाच्याही घरात शिरताना काढतो तशा. मनोहरराव मात्र घरातही रबरी स्लिपर घालतात. त्यांना शुगर आहे आणि अनवाणी चालायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. त्यांनी सिंकच्या वरचा गीझर लावला, जो घरात दुसरं कुणी लावत नाही, कारण रात्रीचं खरकटं गार पाण्याने निघत नाही. स्टीलचं भांडं धुतलं, त्यात दहीभात कालवला. फरशी ओली होती. मग गुडघे दुखतात म्हणून डाव्या हाताने स्टीलच्या सिंकची कड धरली आणि उजव्या हाताने भांडं खाली नेऊ लागले.

करिया उंबऱ्यावर उभा होता. एक पंजा उचललेला, जीभ सारखी नाकावरून फिरत होती. ही भीतीची खूण, रागाची नव्हे. पण मला वेगळंच दिसलं. तो मनोहररावांच्या तोंडाकडे बघत नव्हता, हाताकडेही बघत नव्हता. त्याची नजर भांड्यावर होती. काल चिकन मुकाट्याने खाणारा कुत्रा आज दहीभाताच्या भांड्याला भीत होता. मला वाटलं, भांड्याला कसला वास येतोय का बघावं. मी ओल्या फरशीवर पुढे झाले आणि म्हटलं, काका, ते जरा द्या इकडे.

भांड्याला बोटं लागली आणि कोपरापर्यंत झणका बसला. भांडं हातातून सुटलं, दहीभात सगळीकडे. करिया हॉलच्या दुसऱ्या टोकाला पळाला.

मनोहरराव शांतपणे म्हणाले, "हां, मलेबी झालं आत्ता. होते असं सकाळी कधी कधी."

"काय होतं कधी कधी?"

"झिणझिण्या जी. शुगरच्या. डॉक्टर म्हणाले, नसा कमजोर झाल्या."

या झिणझिण्या शुगरच्या नव्हत्या. मी केतकीला ओरडून मेन स्विच बंद करायला सांगितलं.

इलेक्ट्रिशियन आला, मंजुनाथ नावाचा. त्याने जे सांगितलं ते मला समजलं तेवढं सांगते. गीझरची आतली कॉइल फुटली होती, त्यामुळे करंट पाण्यात आणि नळात, नळातून स्टीलच्या सिंकमध्ये उतरायचा. अर्थिंगची वायर सुटलेली, त्यामुळे तो जमिनीत जायला वाट शोधायचा. मनोहररावांचा एक हात सिंकवर, पण पायात रबर, म्हणून नुसतं सिंक धरून त्यांना काही व्हायचं नाही. त्यांच्या दुसऱ्या हातातल्या भांड्याला करियाचं ओलं नाक लागलं की वाट पूर्ण. ओल्या फरशीवर चार उघडे पंजे. भांडं आधी जमिनीवर टेकलं आणि त्यांनी हात काढला, तर झटका नाही. करियाने घाईने आधीच तोंड घातलं, तर झटका. रोज बसला असता तर तो शिकला असता. कधी बसतो, कधी नाही, हे कुठल्याही जनावराला सगळ्यात वाईट. पहिल्यांदा चावला तो झटका बसल्यावर. दुसऱ्यांदा बसायच्या आधीच.

मी विचारलं की अशा वेळी करंट आपोआप बंद करणारं यंत्र बोर्डात असतं ना? मंजुनाथने बोर्ड उघडून दाखवला. होतं. आधीच्या भाडेकरूंच्या वेळी सारखं ट्रिप व्हायचं, म्हणून कुणीतरी ते बायपास करून ठेवलं होतं. तेव्हा केतकी म्हणाली, करियाचंही आपण असंच केलं. करिया पहिल्यांदा चावला त्याच्या आधी कितीतरी सकाळी नुसता गुरगुरत होता, आणि गुरगुरला की ती त्याला दटावून गप्प करायची.

 सगळे फोन आणि धावपळ संपल्यावर मनोहररावांनी मला हळूच विचारलं, "म्हणजे माझ्याच हातून त्याले शॉक लागत होता?"

मी म्हटलं, हो. पण तुम्हालाही लागत होता. तुम्ही दोघं एकाच वायरवर होता. हे त्यांना पटलं असावं. ते सोफ्याजवळ जाऊन जमिनीवर बसले आणि करियाकडे पाठ केली. हे मी शिकवलं नव्हतं. भेदरलेल्या कुत्र्याकडे तोंड करून बसू नये हे पोस्टमनला आमच्याआधीपासून ठाऊक असतं.

नवा गीझर लागला, अर्थिंग झालं, बोर्ड दुरुस्त झाला. निखिलने शनिवारचा विषय काढला नाही. पण करियाला हे सगळं कोण समजावणार? त्याच्या डोक्यात स्टील, तो हात आणि ती जागा एकत्र बसली होती. ती गाठ सोडवायच्या पद्धतीला काउंटर-कंडिशनिंग म्हणतात. ज्याची भीती वाटते ते दिसलं की काहीतरी चांगलं घडतं, असं पुन्हा पुन्हा घडवायचं. ऐकायला सोपं, करायला कंटाळवाणं. मनोहरराव रोज रिकामं भांडं घेऊन हॉलमध्ये बसायचे आणि करियाने त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी चिकनचा तुकडा टाकायचे. अनेक आठवडे गेले. मधे करिया एकदा भांड्याचा आवाज ऐकून पलंगाखाली शिरला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. मनोहररावांनी त्या दिवशी मला फोन करून नागपूरच्या गाड्यांची चौकशी केली. मी म्हटलं, गाड्या रोज असतात, आज गेलंच पाहिजे असं नाही.

एक अडथळा उरला होता. निखिलने आधीच कळवल्यामुळे शेल्टरमध्ये करियाचा लाल पट्टा तयार होता, आणि दोन चाव्यांची नोंद झाली की कुत्रं घरी ठेवायला शेल्टरची परवानगी लागते. शेल्टर बघते ती शकू अक्का, बेळगावची, कुत्र्यांवर जीव टाकणारी आणि नियमाला पक्की. गीझरची हकिगत तिने नीट ऐकून घेतली.

"ते सगळं सरी, बरोबर आहे गं," ती म्हणाली. "पण दात दोनदा लागले की नाही? चावलेल्या माणसाच्या हातचं माझ्यासमोर खाऊ दे की. मग बघूया."

म्हणून एका रविवारी ते सगळे करियाला घेऊन शेल्टरला आले. मागच्या केनेलमधली कुत्री भुंकत होती. अक्काने दहीभाताचं भांडं मुद्दाम स्टीलचं दिलं.  मनोहररावांना आधाराला काही नव्हतं, ते कण्हत कण्हत अंगणात मांडी घालून बसले आणि दोन्ही हातांत भांडं धरलं. करिया जवळ आला. थांबला. पंजा उचलला. मनोहररावांनी भांडं तसंच धरून ठेवलं. करियाने मान लांब करून भांड्याच्या कडेला नाक लावलं, झटकन मागे घेतलं आणि वाट बघितली.

काहीच झालं नाही. मग तो खायला लागला. मनोहररावांच्या हातातल्या भांड्यात तोंड खुपसून खात होता. निखिलने चष्मा काढून पुसला.

अक्काने लाल पट्टा खुंटीला परत अडकवला. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "औषध काय दिलीस गं त्याला?"

म्हटलं, "नवा गीझर."

त्या दिवसापासून आमच्या पोस्टमध्ये कुत्र्याचा भूतकाळ लिहायचा नाही, असं अक्काने सांगून टाकलं. काय दिसतं तेवढंच लिहायचं. दत्तक घेणारे थोडे कमी झाले, परत येणारी कुत्री मात्र त्याहून कमी झाली. कुत्र्याला पूर्वी कुणी मारलं हे आपण फार प्रेमाने शोधत बसतो. आत्ता त्याला काय दुखतंय हे विचारायचं राहून जातं.