हाउतालाचं रक्त

माझा भाऊ यालमारी म्हणजे हाउताला घरचा तापट माणूस. आमच्या भागात पुरुषाच्या कमरेला सुरा असतोच, पण यालमारीचा म्यानात टिकत नसे. विशीत एका नाचाच्या रात्री त्याने शेजारच्या आपेली पेर्किओचा डोळा फोडला आणि तुरुंगात गेला. परतला तोही छाती फुगवून. कारण काय, तर मोठ्या लढाईत कुणा पेर्किओने रशियाचे घोडेस्वार आमच्या अंगणात आणले आणि त्यांनी हाउतालाच्या धन्याला जिवंत जाळलं. अडीचशे वर्षांचं वैर! मला त्या वैराची लहानपणापासून किळस होती.

मग त्याच्या मुलीने, साइमाने, आपेलीच्याच मुलाशी, तौनोशी लग्न ठरवलं. मागणी घालायला आलेल्या त्या पोराचं नाक यालमारीने दारातच फोडलं.

"हाउतालाचं रक्त पेर्किओत मिसळू देणार नाही!"

"रक्त रक्त करताय, दाखवा तरी," साइमा किंचाळली. "जुने कागद काढा. त्या जाळलेल्या धन्याचेच आपण हे सिद्ध झालं तर मी तौनोचं नाव घेणार नाही."

गडी इरेला पेटला. व्हासा शहराच्या दफ्तरखान्यात मलाही ओढून नेलं, कारण तेव्हा आमच्यावर राज्य स्वीडनचं, आणि ते जुनं स्वीडिश अक्षर मला लागतं. करवसुलीच्या नोंदी आम्ही एकेक साल मागे वाचत गेलो. शेवटी मात्ती हाउताला लागला.

"हाच आपला मूळपुरुष!" यालमारी खुलला.

मी पुढचं वाचलं. मात्ती, पेर्किओचा धाकटा मुलगा, हाउतालाचं ओसाड शेत कसायला घेतलं म्हणून करमाफी. त्याआधीच्या सालात हाउतालाचा धनी, बायको, पोरं, सगळी मारलेली. आमच्याकडे जो ज्या घरात राहायला जातो तो त्या घराचं नाव लावतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. फक्त स्वतःच्या घराबाबत कुणाला सुचत नाही.

बसमधून यालमारी उतरला तो तडक पेर्किओच्या अंगणात. आता मुडदा पडणार, असंच मला वाटलं. आपेली कुऱ्हाड घेऊनच बाहेर आला. यालमारीने सुरा उपसला आणि सुऱ्याची मूठ त्याच्यापुढे केली.

"मी तुमच्यातलाच निघालो. ज्यांना जाळलं, त्यांचं कुणी उरलंच नाही. घे, डोळ्याला डोळा."

आपेली उरल्या डोळ्याने बघत राहिला. मग सुरा त्याने बटाट्यांच्या वाफ्यात भिरकावला आणि अशी बुक्की हाणली की यालमारीचे पुढचे दात पायरीवर पडले.

"एवढंच?" यालमारी रक्त थुंकत म्हणाला.

"घरच्या माणसाला एवढंच," आपेली म्हणाला. "चल आत, कॉफी निवतेय. तुझी पोर मघापासून आत बसलीय."